हिरादेवीचा पासवर्ड

पासवर्ड बदला, पासवर्ड बदला, म्हणून वर्षभर घसा कोरडा केला मी. पण ऐकेल तर ना कोणी! तारापूरच्या किनाऱ्यावर आमची मच्छीमार संस्था. तिच्या कोल्ड रूमची थंडी कॉम्प्युटरवर चालते, आणि तो कॉम्प्युटर सांभाळते मी, सरावली गावची दिशा. आमचे चेअरमन दामूकाका. त्यांचं उत्तर ठरलेलं, "आमचे कोल्ड रूममदी चोर कशाला येल? पापलेट खायला?"

"काका, तो लांब कुठेतरी बसून थंडी बंद करतो, माल सडवतो, आणि वर आपल्याकडेच पैसे मागतो."

"येऊ दे समोर, मी बघतो त्याला."

कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय!

पण या वेळी पाणी गळ्याशी आलं. पापलेट परदेशी पाठवणारा एक व्यापारी आमच्या सगळ्या बोटींचा माल घ्यायला तयार झाला, एका अटीवर. त्याचा माणूस येऊन आमच्या सिस्टिममध्ये शिरायचा प्रयत्न करणार. शिरला, तर सौदा मोडला. अख्ख्या गावाचा हंगाम त्या एका दिवसावर लटकला होता.

मग मी कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. जुने प्रोग्राम अपडेट केले. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती काढून टाकली. मशीन दुरुस्तीवाल्याने घरबसल्या आत यायला एक वाट ठेवली होती, ती बंद केली. आणि वर दुसरं कुलूप घातलं. पासवर्ड बरोबर असला तरी ज्याचं खातं त्याच्या फोनवर विचारणा जाते, 'तुम्हीच आत येताय का?' तिथे 'हो' दाबलं तरच दार उघडतं. दामूकाकांनीसुद्धा पासवर्ड बदलला. "मोठी अक्षरं, आकडे, सगळा हाय त्यात," म्हणाले. मी खूश.

व्यापाऱ्याचा माणूस आला. चिराग नाव, पाठीवर बॅग. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. आधी बंदरावर गेला, चहा प्यायला, बोटींचे फोटो काढत बसला. म्हटलं, मुंबईचा पाहुणा, हौस असेल. परत येऊन त्याने लॅपटॉप उघडला, जरा वेळ टकटक केली आणि म्हणाला, "चेअरमनसाहेबांचा पासवर्ड मिळाला. हिरादेवी, आणि पुढे बोटीचा नंबर."

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. हिरादेवी म्हणजे दामूकाकांची बोट! नाव आणि नंबर बोटीवर लालभडक, हातभर अक्षरांत रंगवलेले.

"काका! अहो, बोटीवर लिहिलेलं ठेवलंत?"

"मंग? इसरलो तर वाचता येतं."

डोकंच फिरलं माझं. "फोन काढा आधी! विचारणा आली असेल. 'नाही' दाबा, चटकन!"

"फोन माझेकडं कुठं? दोन फोन दर्यात गेले माझे. तवापासून तुझे काकीकडंच असतो."

आणि काकी कुठे? बोईसरच्या बाजारात, मासळीच्या पाटीमागे. संपलं! चंद्रकांताकाकी म्हणजे रोज सकाळी फोनवरून गुलाबाची फुलं अख्ख्या गावाला पाठवणारी बाई. फोनवर दिसेल ते दाबते. आता 'हो' दाबणार आणि आमचं पापलेट आमच्याच गळ्यात. मी मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलले.

चिरागच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'नाही'.

त्याने पुन्हा विचारणा पाठवली. नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा नाही. "कंटाळून माणसं शेवटी 'हो' दाबतातच," तो म्हणाला, आणि पाठवतच राहिला. मेल्याला दुसरा धंदा नव्हता!

तेवढ्यात ऑफिसचा फोन खणखणला. पलीकडे बाजाराचा कल्ला आणि काकीचा चढलेला आवाज. "दिशा, कोण गो तो? मगासपासून इचारतोय, आत येऊ का, आत येऊ का! हितं गिऱ्हाईक उभं हाय माझं!"

"काकी, तुम्ही दर वेळी 'नाही' दाबलंत?"

"मंग काय! पहिले भावाला कोण हो बोलतं? आन् जो सारखा मागं लागतो ना, त्याचे मनात खोट. जल्म गेला माझा पाटीवर."

मला एकदम रडूच आलं. रडता रडता हसूही.

चिरागने लॅपटॉप मिटला. "नाही जमलं आत जायला. पण तो पासवर्ड आजच्या आज बदला."

सौदा झाला. नवा पासवर्ड मी दामूकाकांच्या समोर बसून करून घेतला, आणि फोन काकीकडेच राहू दिला.

मग एके दिवशी व्यापारी स्वतः आला. दामूकाका ऐटीत त्याला कोल्ड रूमचं तापमान दाखवायला बसले. पासवर्ड बिनचूक टाकला. स्क्रीनवर आलं, 'नाही'. परत टाकला. नाही. काका घामाघूम. शेवटी माझ्या फोनवरून, स्पीकर लावून, काकीला फोन केला.

"अगो, मीच हाय! तुजा नवरा!"

"सगळे असंच बोलतात," काकी म्हणाली. "सकाळी पाटीवर बर्फ पाठवा बोललेली. पाठवलात?"

काका डोकं खाजवायला लागले.

"आदी बर्फ."

काका मुकाट्याने उठले आणि टेम्पोत बर्फ भरायला लागले. मी आणि व्यापारी बंद दारापुढे चहा पीत बसलो, तो बर्फ बोईसरला पोचेपर्यंत.