लुगडं रंभाचं, गाणं रंभाचं

पोस्टरवर होतं, 'खडी गंमत ऑल स्टार', म्हणजे आमच्याकडचा उभ्यानं रंगणारा तमाशा. मरोद्यापासून बोरसीपर्यंतच्या वस्त्यांमधल्या पाच मंडळांतले पाच नामी कलाकार एका स्टेजवर. ढोलकीवर मी, हेमराज. माझं नाव ठळक. माझी बहीण रंभा, तिचं नाव कुठंच नाही.

गाणी मात्र तिच्याकडची. बाबा हयातभर स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीवर राबले अन् गाणी जोडत राहिले. लिहिता येत नव्हतं. रंभानं ऐकून ऐकून सगळी पाठ केली, मी नुसता ठेका उचलला. तालमीत आम्हा पाच स्टारांना तीच शिकवत होती. मी तिला शब्द दिला होता, बाबाचं गाणं स्टेजवर तूच म्हणशील.

कार्यक्रमाच्या दिवशी आयोजक भैय्याजी म्हणाले, "हा परंपरेचा उत्सव आहे. खडी गंमतीत बाईचं सोंग पुरुषच घेतो. पाच स्टारांतला पराग गाईल."

"परागले दोन कडव्यांच्या पुढं येत नाही," रंभा म्हणाली.

"मग पडद्यामागून सांग ना, ताई. अन् तुझं हिरवं लुगडं दे त्याला. भाड्याचं फार चमकते."

परंपरा! बाईचं लुगडं चालते, बाई चालत नाही.

रंभा माझ्याकडे वळली. "कावून भाऊ, तू त मले शब्द देला होता न?"

मी ढोलकी कसत बसलो. मीही अठ्ठावीस वर्षं त्याच भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण भैय्याजींसमोर नरमलो. "पुढच्या साली पाहू," म्हणालो.

तिनं लुगडं दिलं.

"पदर कुठं खोचू, रंभाबाई?" परागनं विचारलं.

"तोंडात खोच."

प्लांटच्या कॉलनीतलं सेक्टर २ चं मैदान भरलं होतं. परागनं बाबाच्या गाण्याची दोन कडवी झकास म्हटली. टाळ्या पडल्या. तिसऱ्याला अडकला. कंबर हलवत पडद्याकडे सरकला. मी ठेका देत राहिलो. एक फेरा, दोन फेरे.

"रंभा, सांग न वं," मी दबक्या आवाजात म्हणालो.

पडद्यामागून उत्तर आलं, "कावून? बाईचं काय काम इथं?"

माईकनं ते पकडलं. लोकांना वाटलं गंमतच आहे. खो खो हसले. घाबरून परागनं सिनेमाचं हिंदी गाणं सुरू केलं. पोरं उठून नाचायला लागली, भैय्याजींनी लांबून अंगठा दाखवला. अन् मी? मी बाबाच्या ढोलकीवर त्या गाण्याचा ठेका धरला.

घरी जाताना रंभा लुगड्याची घडी छातीशी धरून पुढं चालत होती.

"तिसरं कडवं मले तरी सांग," मी म्हणालो. "मले येत नाही."

ती थांबली नाही. "परागले विचार."