धाकटीची साक्ष

दरवर्षी शेतं रिकामी झाली की शहरातल्या चर्चचा एक गट आमच्याकडे यायचा, दोन आठवडे सेवा करायला. तरणी पोरंपोरी, एखादा डॉक्टर आणि त्या सगळ्यांना सांभाळणारे पाळकसाहेब. गाडीच्या टपावर औषधांचे खोके आणि रंगाचे डबे. आमच्या चर्चला इतक्यांदा रंग लागलाय की भिंती जाड झाल्या असतील. नळ मात्र अजून आलेला नाही.

चर्चची किल्ली आणि झाडलोट माझ्याकडे, त्यामुळे पाहुण्यांची उठबसही माझ्याच गळ्यात. मी कुरकुर करायची आणि माझी धाकटी जाऊ पदर खोचून कामाला लागायची. तिला पाहुण्यांचं भारी वेड. कोण चहा पीत नाही, कुणाला उशी लागते, सगळं तिला पाठ. "एवढे लाड माझ्या दिराचे केले असतेस तर," असं मी म्हणायची. "ते कुठे पाहुणे आहेत?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

शेवटच्या दिवशी उपासनेत साक्ष द्यायची रीत होती. ज्याला देवाने काही दिलं, त्याने उठून चारचौघांत सांगायचं. आमच्या लोकांनी त्यात आपलं थोडं घातलं होतं. पोरं इतक्या लांब येतात, हाताला फोड येईपर्यंत राबतात, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आणि द्यायला तर घरात काही नसायचं. मग साक्ष द्यायची. म्हाताऱ्या सुताराचा गुडघा दरवर्षी बरा व्हायचा, आणि गाडी दिसेनाशी झाली की तो काठी शोधायला लागायचा. त्याला कुणी कधी खोटारडा म्हटलं नाही. पाहुण्यांचे चेहरे उजळायचे, ते बघून आम्हालाही बरं वाटायचं. मीसुद्धा एकदा डोकेदुखी दिली होती.

त्या वर्षी गटात डॉक्टरीणबाई होत्या. बोलणं बेताचं, हात हलका. तपासणी चर्चमागच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मधे, पडदा म्हणून माझी चादर. धाकटीला मी जवळजवळ ढकलतच नेलं. खांदा दुखतो, एवढंच तिचं म्हणणं. तपासता तपासता बाईंचा हात काखेजवळ थांबला. छातीत गाठ होती.

"कधीपासून आहे ही?" त्यांनी विचारलं.

"असेल आपली. मी काय बघत बसलेय का?"

बाईंनी मला बाजूला घेतलं. "याचा इलाज इथे होणार नाही. आम्ही निघू तेव्हा ड्रायव्हरशेजारची जागा यांच्यासाठी ठेवते. मोठ्या इस्पितळात मी स्वतः नेईन. आत्ता आल्या तर आशा आहे. पुढच्या वर्षीपर्यंत थांबलात, तर मला काही सांगू नका."

दिराला सांगितलं, तो तिची पिशवी भरायला बसला. गटातल्या पोरींनाही कळलं. त्यांनी धाकटीला मधे बसवून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यातल्या सगळ्यात लहान पोरीला आम्ही चिमणी म्हणायचो. तिने तर दुसऱ्या दिवशी धाकटीसाठी उपास धरला. भर उन्हात भिंतीला रंग देत होती आणि पाण्याशिवाय तोंडात काही घेत नव्हती. धाकटी ताट घेऊन तिच्या मागे मागे फिरली, पण पोरगी कसली ऐकते.

निघायच्या दिवशी सकाळी मीच धाकटीची पाठ चोळली. तिचा हात वर होत नव्हता, म्हणून पोलक्याची बटणं मी लावली. गाठ होती तिथेच होती.

उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" सुतार उठला, गुडघा झाला. दोनतीन बायका उठल्या. मग माझ्या शेजारची धाकटी उभी राहिली.

"माझी गाठ गेली," ती म्हणाली. "या पोरींनी हात ठेवले आणि विरघळली. दुखत नाही, काही नाही. मला आता कुठे जायला नको."

चिमणी हुंदके देऊन रडायला लागली. कुणीतरी गाणं धरलं. डॉक्टरीणबाई उठल्या. "जरा आत येता? मला बघू दे."

धाकटी हसली. "बाई, तुमचा विश्वास नाही का?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. त्या खाली बसल्या. पाळकसाहेबांनी डोळे पुसले, देवाची स्तुती केली आणि म्हणाले, गाडीतली जागा आता गावातल्या मोतीबिंदूवाल्या आजोबांना देऊ. पाळकसाहेब चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्या क्षणी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

मी उठले. "खोटं बोलतेय ती. सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

गाणं थांबलं. सुताराने मान खाली घातली. धाकटीचा चेहरा लाल झाला, तरी हसू तसंच. "जाऊबाईंचं काय मनावर घेता? त्यांना चांगलं काही दिसतच नाही." मागे एकदोघी हसल्यासुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत सामानाच्या खोलीत नेलं. बाई मागोमाग आल्या.

बाईंनी हात लावला. गाठ होती. त्यांनी हात काढला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नका, बाई," धाकटी म्हणाली. "तुमच्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं."

"अगं भवाने, जीव जाईल तुझा!" मी ओरडले.

"मग काय देऊ त्यांना?" आता तिचाही आवाज चढला. "सुतार गुडघा देतो. माझ्याकडे याहून मोठं काय होतं? ती पोर माझ्यासाठी उपाशी राहिली, जाऊबाई. तिला सांगू, काही झालं नाही म्हणून? आणि आता कुठल्या तोंडाने बाहेर जाऊ? देवाला खोटं पाडू?"

मी तिचा पडलेला पदर उचलून खांद्यावर टाकला.

"गाठ गेली असं देव कुठे म्हणाला?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते तुम्ही म्हणालात. तुम्ही बाहेर काही बोलू नका. मी बोलते."

आणि त्या बोलल्या. वेदीजवळ उभं राहून एवढंच म्हणाल्या, "गाठ आहे. या आमच्याबरोबर येताहेत." कुणी टाळी वाजवली नाही, कुणी गायलं नाही. चिमणी बाकावर बसली होती, एखाद्याने तोंडात मारावी तशी. मोतीबिंदूवाले आजोबा आपणहून म्हणाले, "मला काय घाई आहे? मी पुढच्या खेपेला जाईन."

धाकटी मान वर न करता गाडीत बसली. दिराने पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि तो मागे जाऊन दाटीवाटीत बसला. मी खिडकीशी उभी होते. ज्या बाईला चारचौघांत खोटं पाडलं, तिला निरोप द्यायला शब्द कुठून आणायचे? नीट जा, औषधं वेळेवर घे, असलंच काहीतरी म्हणत राहिले. इंजिन सुरू झालं तेव्हा तिने माझा हात धरला आणि जवळ ओढलं. ओरडणार असेल तर ओरडू दे, असं मी मनात म्हटलं.

"त्यांना वाईट वाटलं का हो, जाऊबाई?"

मी गाडीत मागच्या बाजूला पाहिलं. पोरी एकमेकींकडेही बघत नव्हत्या. पाळकसाहेब बाहेर तोंड करून बसले होते. चिमणीने ओढणीत चेहरा लपवला होता.

"नाही गं," मी म्हटलं. "तू बरोबर येतेयस म्हणून खूश आहेत सगळी. चिमणी तर हसतेय."

"हसतेय?" तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण खांदा दुखला असावा. मग ती नीट टेकून बसली, आणि मी तिच्या मांडीवरचा पदर सारखा केला.

ती इस्पितळातच गेली. उशीर झाला होता, असं डॉक्टरीणबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. आमच्या दोघींचं शेवटचं बोलणं तेवढंच, आणि त्यात मी खोटं बोलले. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.