मापाऱ्याचे वजन

"साडेएकेचाळीस," बाबुलाल हमालाने आकडा मोठ्याने वाचला. "मापारी, पोत्यापेक्षा दीडच किलो जास्त हाये तुमी. अजून एक महिना थांबा, बारदान्यात शिवून थप्पीवर लावून देतो."

धान घेऊन आलेले चार-पाच शेतकरी हसले. टिकारामही हसला. मोहाडीजवळच्या त्या खरेदी केंद्रावर बावीस वर्षे तो मापारी होता. चाळीस किलोचे पोते म्हणजे चाळीस; सख्ख्या साळ्याच्या धानालाही त्याने कधी शंभर ग्रॅम इकडचे तिकडे केले नव्हते. साळा त्यावरून दोन दिवाळ्या बोलला नव्हता. दर शनिवारी काटा मोकळा झाला की टिकाराम स्वतः चढे आणि आकडा खडूने भिंतीवर लिही. चार वर्षांत ते आकडे बासष्टपासून खाली उतरत आले होते.

तो काट्यावरून उतरला. आकडाही शून्यावर उतरायला हवा होता. तो अठरावर थांबला.

बाबुलालची पाठ वळली होती. टिकारामला काट्याचे सगळे आजार ठाऊक होते. खाली कोंडा अडकतो, उंदीर शिरतो, वायर ढिली होते. त्याने वाकून पाहिले. खाली काहीच नव्हते. मान वर केली तोवर शून्य आले होते.

अठरा हा आकडा मात्र त्याच्या ओळखीचा होता.

त्याचे वडीलही मापारीच. तो आठ वर्षांचा असताना त्यांनी मोठ्या तराजूच्या एका पारड्यात त्याला बसवले आणि दुसऱ्यात दीपमालाला, त्याच्या अकरा वर्षांच्या बहिणीला. टिकारामचे पारडे झपकन जमिनीला टेकले. वर अधांतरी राहिलेली दीपमाला हसत होती. पोट घागरीसारखे, हातपाय तुराट्या. मग वडिलांनी वजने घालून तिला एकटीला मोजले. अठरा. पुढच्या अवसेच्या आत ती गेली.

तेव्हापासून आजतागायत गोदावरीबाई, त्याची माय, दर अवसेला ओसरीच्या कोपऱ्यात तिच्या नावाने एक पोळी ठेवी. भातावर जगणाऱ्या घरात पोळी सणाची. पोर आजारी पडली तेव्हा मायने शेजारपाजारहून गहू मागून आणले होते. भाताने अंगात ताकद येत नाही, असे सगळेच म्हणत. पोर ताट ढकलून म्हणे, "मले भातच दे व माय." माय तिला मांडीवर दाबून धरी आणि दुधात कुस्करलेली पोळी भरवी.

टिकारामच्या ताटात पोळी आली ती साखरेपायी. चार वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात रक्तातली साखर काठावर निघाली आणि कुणीतरी सांगितले, भात बंद, पोळी सुरू. दिवसभर ज्याच्या अंगावर धानाचा भुसा बसे, तो लग्नाच्या पंगतीत चोरासारखा भात खाऊ लागला. पोट बिघडले ते बिघडलेच. गॅसच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या, टीबीची तपासणी झाली. तो जितका वाळे, तितकी त्याची बायको चंद्रकला एक पोळी वाढवी, वर तूप.

मायचे निदान वेगळे होते. "दीपमाला भुकेली हाये. तुह्या ताटातून जेवून राहिली." आणि तो जेवायला बसला की खाटेवरून सांगे, "थोडा सरकून बस बापू, तिले जागा दे."

टिकाराम सरकत नसे. पण डावा हात ताटाच्या त्या बाजूला टेकवतही नसे.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे सरकवला. "गहू तुमच्या आतड्याला सोसत नसावा. दुर्बिणीने तुकडा काढून पाहू. तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर पोळी सोडायची नाही."

"सोसत नाई म्हणता, आन् खा म्हणता?"

"सोडलीत तर आतडं भरून यायला लागेल आणि तपासणी खोटं सांगेल. घरात आणखी कुणाला असं होतं?"

"बहीण होती."

"काय खायची?"

टिकारामने कागदाची घडी करून खिशात घातली.

तीन आठवडे तो जाणूनबुजून जेवला. दोन वेळा, दोन-दोन पोळ्या. चंद्रकला ताट ठेवून तोंड फिरवी. एका संध्याकाळी पहिला घास तोंडात असताना माय खाटेवर उठून बसली.

"कोन भात मांगितला?"

"कोनी नाई, माय."

"आयकला न मी. चंद्रकला, तू बोलली का व?"

चंद्रकलेचे लाटणे थांबले. "मी नाई बोलली जी." ती नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याचे तोंड भरलेले होते. टिकारामने घास गिळला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो थोडा सरकून बसला.

तपासणी खरे बोलली. आजाराचे नाव सिलिॲक. गहू जन्मभर बंद, भात खा, साखरेचे आपण पाहू. मायच्या अवसेच्या पोळीपुरते मूठभर पीठ ठेवून चंद्रकलेने पिठाचा डबा शेजारी देऊन टाकला. दीड महिन्यात भिंतीवर चव्वेचाळीस लिहिले गेले. "मापारी, पोत्यात मावत नाई आता," बाबुलाल म्हणाला. काटा शून्यावर आला. टिकाराम तरी थोडा वेळ उभा राहून पाहत राहिला.

त्या संध्याकाळी मायने त्याला खाटेजवळ बोलावले. "टिका, तू मापारी हायेस. बरोबर सांग. दीपमालाले बी हेच होतं का?"

टिकाराम तिच्या हातांकडे पाहत होता. याच हातांनी भरवले होते.

"नाई," तो म्हणाला. "तिचा आजार अलग होता. मी इचारलो डॉक्टरीणबाईले."

आयुष्यात त्याने एवढेच माप खोटे केले. मायने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

चार दिवसांनी अवस आली. टिकाराम कामावरून आला तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात पाट मांडला होता. पाटावर पोळी नव्हती. पांढऱ्या भाताचा छोटा ढीग होता, लहान लेकराला कालवतात तसा बोटांनी मऊ केलेला.

माय त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "पोळी करायचा कंटाळा आला बापू. हात दुखतेत."

"बरं केलं," टिकाराम म्हणाला.

तो पायरीवर बसला. अंगणात ऊन उतरत होते. मायने पदराने पाटाची कड पुसली, मग भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने जराशी सरकली, शेजारी एक जण मावेल एवढी.