तपासणीत पास झालेला भाऊ

मंगळवारी सकाळी सव्वानऊला सरकारी पत्र आलं. कप्तानची मदत महिनाअखेरीस बंद.

ताईने शिलाई मशीनवरून उठून ते घेतलं, दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं.

कप्तान म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वय सेहेचाळीस. निळी टोपी फक्त झोपताना काढतो, म्हणून लाँड्रीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि त्याने ते आनंदाने घेतलं. कागदोपत्री त्याच्या नावापुढे 'बौद्धिक अक्षमता' असं लिहिलेलं असतं. सरकारच्या या मदतीतून आठवड्यातून चार सकाळी एक मदतनीस येतो, बसने त्याला लाँड्रीत नेतो, टॉवेलांच्या घड्या घालताना शेजारी उभा राहतो, दुपारी घरी आणून सोडतो. सहा वर्षं हे चाललं होतं. मदतनीस नसेल तर लाँड्री नाही. लाँड्री नसताना कप्तान कसा होता, ते ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं: दिवसदिवस खिडकीशी, टोपी नाकापर्यंत ओढलेली, जेवायला चार हाका.

पत्रात कारण दिलं होतं. 'अर्जदार दैनंदिन कामे स्वतंत्रपणे करतात, असे पाहणीत आढळले.'

ताईने कपाळावर हात मारून घेतला. ते तसं आढळावं म्हणून तीच पंधरा दिवस राबली होती.

या घरात 'जमत नाही' म्हणायची सोयच नव्हती. आईच्या वेळेपासूनचा शिरस्ता. डॉक्टर येवोत, शाळेचे साहेब येवोत, पाहुणे येवोत, पोराला आधी घोटून तयार करायचं आणि मग बाहेर आणायचं. आई गेल्यावर ताईने तो शिरस्ता पुढे चालवला. पाहणीचा अधिकारी येणार म्हटल्यावर तिने अकरा प्रश्न काढले, अकरा उत्तरं पाठ करून घेतली. चहाचं सामान डावीकडून उजवीकडे ओळीने मांडून दिलं. अधिकारी आला, कप्तानने त्याला चहा करून दिला, रस्ता एकट्याने ओलांडतो म्हणाला, औषधं आपली आपण घेतो म्हणाला. अधिकारी सज्जन माणूस. चहाची तारीफ करून, जे पाहिलं ते लिहून गेला. त्या दिवशी ताईची छाती फुगली होती.

"ताई, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जा," दुसऱ्या दिवशी मदतनीस म्हणाला. "गुरुवारी तिथे वकीलबाई बसतात. फी नाही. आणि उशीर करू नका, अशा पत्रांना मुदत असते."

गुरुवारी दोघं जिना चढून गेली. खोलीत दोन कपाटं, एक टेबल आणि फायलींचा डोंगर. त्यामागे वकीलबाई, साठीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी पत्र वाचलं, ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे तुम्ही यांना परीक्षेला बसवलंत आणि मेहनतीने पास करून आणलंत. अभिनंदन. आता नापास व्हायचंय."

"खोटं बोलायचं?" ताई ताठ झाली.

"छे! ते तुमचं आधीच बोलून झालं. आता खरं बोलायचं. चहा करताना तुम्ही कुठे होतात?"

"दारात."

"काही बोललात?"

"शब्द नाही. फक्त शेगडीकडे पाहिलं. दोनदा."

"नसतं पाहिलं तर?"

ताई हळूच म्हणाली, "शेगडी सुरूच राहिली असती."

"हेच लिहायचं. एकदा जमलं का, हा प्रश्नच नाही. रोज, कुणी खूण न करता, बिनधोक जमतं का, हा प्रश्न आहे. बरं, आणखी काय जमत नाही?"

ताईने पर्स घट्ट धरली. "बाई, त्याच्यासमोर नको ना."

"त्यांच्यासमोरच. अर्ज त्यांचा आहे, तुमचा नाही." वकीलबाईंनी खुर्ची कप्तानकडे वळवली. "कप्तान, तुम्हाला काय अवघड जातं?"

कप्तानने ताईकडे पाहिलं. "ताई रागावेल."

"रागावू देत. मी कशाला बसलेय इथे?"

त्याला हसू आलं. टोपी मागे सरकवून तो म्हणाला, "मदतनीस आजारी होता ना, तेव्हा ताईने मला एकट्याला पाठवलं. रस्ता खणला होता. बसथांबा नव्हता तिथे. मी उभा राहिलो."

"किती वेळ?"

"डबा खाल्ला. उभ्यानेच. मग घरी जायची वेळ झाली."

"तू तर म्हणालास लाँड्री मस्त झाली!" ताईचा आवाज फुटला.

"तुला नाही म्हटलेलं आवडत नाही," कप्तान म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं.

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. घरापासून चार मिनिटांवर, पाच तास. सेहेचाळीस वर्षं आधी आईने आणि मग तिने त्याच्या वतीने उत्तरं दिली होती. त्याला कुणी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली, असं तिच्यासमोर पहिल्यांदाच घडत होतं.

वकीलबाई लिहीत होत्या. फेरपाहणीची मागणी, आणि निर्णय लागेपर्यंत मदत चालू ठेवावी अशी वेगळी विनंती. सही कप्तानने केली. सहीला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

निघताना ताईची नजर खुंटीवरच्या काळ्या कोटावर गेली. अस्तर बोटभर लोंबत होतं.

"तो कोट द्या इकडे."

"अहो, इथे काही घेता येत नाही आम्हाला."

"घ्यायचं कुठे आहे? दोन टाके घालायचेत." तिने पर्समधून सुई काढली. "माझ्या भावाचं बोलणं ऐकलंत तुम्ही, बाई. मी घरात असून ऐकलं नव्हतं. आता मला गप्प बसून काहीतरी करू द्या."

वकीलबाईंनी कोट काढून दिला. टाके दोनाचे वीस झाले.

मदत तूर्त चालू ठेवण्याची विनंती पाच दिवसांत मान्य झाली. फेरपाहणी पुढच्या सोमवारी अकरा वाजता झाली. तोच अधिकारी, सोबत एक सहकारी. सामान मांडलं नव्हतं, उत्तरं पाठ नव्हती. कप्तानच्या मर्जीने मदतनीस त्याच्याजवळ बसला आणि ताई आतल्या खोलीत, दार लावून. दीड तास. आतून तिला फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मधे एकदा सगळे हसले.

जाताना अधिकारी म्हणाला, निर्णय एकवीस दिवसांत कळवू.

आज सोळावा दिवस आहे. मदतनीस नेहमीच्या वेळी आला आणि दोघं बसथांब्याकडे गेले. टपाल येऊन गेलं. पत्र आलेलं नाही.