केळी आधी पडल्या

"पडताना रडलात का हो तुम्ही?"

डेल्फिनने विचारून टाकलं. वर्गातल्या रंभाने बर्फाच्या गोळ्यावर पैज लावली होती, आणि दहावीत गेल्यापासून डेल्फिन एकही पैज सोडत नव्हती. कुंपणाआड मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

मोडक्या विमानाजवळ उभा असलेला दिवाकर मात्र हसला नाही. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. जुहूला विमान चालवायला शिकत होता. शनिवारी दुपारी एकटाच भुईगावच्या किनाऱ्यावरून वळताना नंदाखाल गावात येऊन पडला, तो नेमका डेल्फिनच्या पप्पांच्या बागेत. केळीचे बुंधे मऊ, म्हणून वाचला.

"पडताना वेळ कुठे होता? काल रडलो," तो म्हणाला. "तुझ्या पप्पांनी पोलिसांना लिहून दिलंय, पानसुद्धा हलत नव्हतं. वारा नव्हता म्हणजे चूक माझीच. उद्या चौकशीचे साहेब येतायत. त्यांनीही तेच लिहिलं की माझं शिकणं बंद."

डेल्फिनचं हसू विरलं. वारा नव्हता? ती स्वतः विहिरीवर कपडे पिळत होती! समुद्राकडून असा सोसाटा आला की बादली लवंडली, केळी टेकूंसकट आडव्या झाल्या, आणि मग कुठे ते विमान गोते खात खाली आलं.

पण वाऱ्याने केळी दरसाल पडतात, त्याचं कोणाला कौतुक? विमानाने पाडल्या म्हटलं की आगाशीच्या बाजारात पप्पांपुढे चहा येत होता. पप्पांच्या तोंडी शनिवारी पडलेली झाडं वीस होती, रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर चाळीस, आज साठ.

"पप्पा, त्या कोपऱ्यात झाडंच मुळी तीस!" घरात शिरताच तिने तोंड सोडलं.

"तू मोजायला गेली होतीस?" पप्पा आलोशियसने विचारलं.

"हो, आत्ताच! विमानाखाली चार आहेत. बाकीची वाऱ्याने पडली."

"गावभर सांगून झालंय माझं. आता बापाला खोटं पाडतेस?"

"आणि परक्या मुलाशी बोललीसच कशाला तू?" आई आग्नेसने मासे साफ करता करता विचारलं.

डेल्फिनने कपाळावर हात मारला. माणूस आभाळातून पडलाय, आणि आईचं हे!

"आई, तो आपल्याच बागेत पडलाय, मी त्याच्या घरी नाही गेले! ऐका दोघं. उद्या मी शाळेत जाणार नाही. साहेब आले की विहिरीवर नेऊन त्यांना सांगणार, केळी आधी पडल्या, विमान नंतर. पप्पा, तुम्ही माझ्याआधी सांगितलंत, तर मी नुसती मान डोलवीन."