धुऊन काढलेल्या बुरशीचे मनोगत

मित्रांनो, मी एक जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका. मुरडलेत तरी चालेल, सवय आहे. शिळ्या पावावर हिरवी चादर अंथरून बसते ती माझी लांबची नातेवाईक. तिच्या कर्तृत्वामुळे आमच्या सगळ्या घराण्याला मान खाली घालून जगावे लागते. मी तर जमिनीखालीच राहते, त्यामुळे मान आपोआप खालीच असते.

माझे घर म्हणजे एका रोपवाटिकेच्या कुंपणालगतचा म्हातारा पाइन वृक्ष. त्याच्या बारीक मुळांच्या टोकांवर मी पांढऱ्या मोज्यासारखी चढलेली असते. त्या मोज्यातून माझे धागे निघतात आणि जिथे मूळ पोचत नाही तिथल्या मातीतून पाणी आणि खनिजे ओढून आणतात. बदल्यात झाड मला साखर देते. स्वतः साखरेचा एक कण करण्याची माझी ऐपत नाही. थोडक्यात, बाई असून मी घरजावई आहे. कितीही पाणी भरले तरी घरजावयाला ताटावर बसताना जी लाज वाटते, ती मला दर घासाला वाटते.

रोपवाटिका दोन बहिणींपैकी धाकटीची. ती दरवर्षी म्हाताऱ्या झाडाखालची थोडी माती पाइनच्या नव्या रोपांच्या कुंड्यांत मिसळायची. त्या मातीबरोबर मीही जायचे. आमच्यात एक बरे असते, तुकडा तोडून दुसरीकडे ठेवला तरी तोही मीच. अशी मी झाडाखालीही होते आणि कुंपणाशी मांडलेल्या एकेका रोपाच्या मुळांवरही होते. रोपे तरारून आली की लोक धाकटीला म्हणायचे, "तुमच्या हाताला गुण आहे हो." मी ऐकायचे आणि आणखी थोडी खोल सरकायचे. कौतुक दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले बरे. आपल्या दारात आले तर त्याला बसायला काय द्यायचे?

त्या वर्षीची रोपे वस्तीमागच्या उतारासाठी होती. आदल्या वर्षी तो उतार घसरून खालच्या घरांच्या अंगणात येऊन बसला होता. वर झाडे लावल्याशिवाय त्या घरांना शांत झोप लागणार नव्हती. आणि नेमकी तेव्हाच धाकटी शिडीवरून पडली आणि पाय मोडून अंथरुणाला खिळली. मदतीला थोरली बहीण आली.

थोरली जन्मभर रुग्णालयात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिच्या वॉर्डात माशीसुद्धा पाय पुसून आत येते, अशी तिची ख्याती होती. पहिल्याच सकाळी तिने एक कुंडी उपडी केली आणि ओरडली,

"अगं बाई! मुळांना बुरशी!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. पण मी आधीच पोटात होते.

"तिला नको सांगायला, बिचारी आधीच पडलीय," असे म्हणून थोरलीने बाह्या सरसावल्या. एकेक रोप काढून तिने मुळे बादलीत खळखळून धुतली, जुन्या टूथब्रशने हळूच घासली, जंतुनाशकात बुडवली आणि मोठ्या पातेल्यात उकळून गार केलेल्या मातीत पुन्हा लावली. पहिल्या बादलीचे पाणी तिने म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी ओतले. अशी मी गढूळ पाण्यातून, भर दुपारी माहेरी परत आले.

"बघा, कशी लख्ख झालात!" ती रोपांना म्हणाली. "आता काय बिशाद आहे रोगाची!"

रोगाची बिशाद नव्हतीच. पण रोपांची वाढ थांबली. सुया आधी फिकट झाल्या, मग पिवळ्या पडल्या, काही तर जांभळट झाल्या. थोरली वेळच्या वेळी पाणी घालायची, ताप बघावा तसा कुंडीला हात लावून बघायची. मी कुंपणाशीच होते, भरल्या घरात साखर खात. माझे धागे कुंडीपर्यंत जात आणि प्लास्टिकला टेकून थांबत. पलीकडे लेकरे उपाशी आणि अलीकडे मी जेवतेय. घास तोंडात फिरायचा, तरी गिळायचे. भुकेला लाज नसते म्हणतात. मला दोन्ही होत्या.

शेवटी धाकटी कुबड्या टेकत बाहेर आली. तिने एक रोप उपटून पाहिले.

"ताई, याच्या मुळांवरचं पांढरं कुठं गेलं?"

"काढलं ना! एकूण एक काढलं."

धाकटीने ते रोप अलगद कुंडीत परत ठेवले. मग म्हणाली, "अगं, तेच तर यांना भरवत होतं. तू तोंड धुवायला गेलीस आणि तोंडच काढून ठेवलंस."

"बुरशी भरवत होती?"

"हो."

"म्हणजे चांगली होती?"

"माझ्यापेक्षा."

थोरली उपड्या बादलीवर मटकन बसली. जन्मभर एकाही रोग्याला चुकीची गोळी न दिलेली बाई, आणि आता तिच्यासमोर अख्खा वॉर्ड पिवळा पडलेला. थोड्या वेळाने ती उठली आणि म्हाताऱ्या झाडाखाली माती उकरू लागली.

"अगं, हातमोजे घाल."

"नको. तिला काय वाटेल?"

तिने मला उघड्या ओंजळीत घेतले आणि एकेका कुंडीत नेऊन घातले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

पण मुळांवर मोजा चढवायला वेळ लागतो, आणि ट्रक ठरल्या दिवशी आला. ड्रायव्हर कुंड्या बघून हबकला.

"अहो, हे काय? वर माणसं खड्डे खणून बसलीत. काय सांगू त्यांना?"

धाकटीने बहिणीकडे पाहिले नाही. "सांगा, बुरशी लागली म्हणून."

घराण्याचे नाव तेच, त्यावर आणखी एक डाग. मान खाली घातली. तेवढ्यात थोरली पुढे आली.

"बुरशी लागली नव्हती," ती म्हणाली. "बुरशी होती, ती मी काढली. थांबा, मीच येते. खड्डे खणलेल्यांना मी सांगते."

आणि ती पदर आणि पिशवी सावरत रिकाम्या ट्रकमध्ये चढून बसली. माझ्या बाजूने आजवर कोणी बोलले नव्हते. मला काय वाटले म्हणाल तर लाजच वाटली, पण तिची चव निराळी होती.

तो उतार त्या वर्षी उघडाच राहिला. जोराची सर आली की खालची माणसे उठून दाराशी उभी राहत. रोपे गेली ती पुढच्या वर्षी, हिरवीगार होऊन, पायांत मोजे घालून.

मित्रांनो, स्वच्छ जरूर राहा, हातही धुवा. पण दुसऱ्याच्या मुळांना ब्रश लावण्याआधी तिथे कोण राहते ते घरातल्या कोणाला तरी विचारा. आम्हांला विचारू नका. आम्ही लाजेने खरे सांगणार नाही.