हौदातला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना डायनॅमो आहे. सायकलचा, मुठीएवढा, डोक्यावर खाचांची टोपी असलेला. ही टोपी फिरत्या टायरला घासली की माझ्या पोटातलं चुंबक गरगरतं आणि तिकडे हँडलवरचा दिवा लागतो. एवढंच माझं काम. पण तेव्हा अंगभर ज्या झिणझिण्या येतात ना, त्या कोणाला सांगून कळायच्या नाहीत!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते बुलढाण्यातलं सायकलचं दुकान आणि तिथून मला घेऊन जाणारे देऊळघाटचे शेषराव. शेषराव भाजीपाला पिकवायचे. मेथीच्या जुड्या नि मुळे कॅरिअरवर बांधून ते पहाटे बाजाराला निघायचे, आणि मी त्यांना रस्ता दाखवायचो. "लय लख्ख दिवा हाये हो शेषराव," असं कोणी म्हटलं की मला कोण आनंद व्हायचा. मला कॉलर नाही, नाहीतर ताठच झाली असती.

सुट्टीच्या दिवशी त्यांची एकुलती एक लेक करिष्मा पुढच्या दांडीवर बसायची. मी चाकाला चिकटलो की सायकल जड होते, आणि चढावर शेषरावांना धाप लागायची. ती विचारायची, "बाबा, डायनॅमो काढू काय?"

"नको माय," ते म्हणायचे, "उजेड पाह्यजे असन तं जोर लागतेच."

पुढे घरात मोटारसायकल आली. सायकल गुरांच्या कोठ्यात भिंतीला टेकली, ती टेकलीच. शेजारी फवारणीचा पंप, वर कोळ्याची जाळी, आणि गोठलेल्या वंगणात अडकलेला मी. राग नव्हता, पण वाईट फार वाटायचं. मग मी स्वप्नं पाहू लागलो. स्वप्नात एक चाक असायचं. त्याला पायडल नाही, दमणारा माणूस नाही, ते आपलं फिरतंच आहे आणि मी त्याला गाल लावून निवांत पडलो आहे.

ते चाक कुठे असतं, हे मला करिष्मानेच सांगितलं. म्हणजे सांगत होती ती आईवडिलांना. मी भिंतीआडून ऐकत होतो. ती खामगावला विजेचा डिप्लोमा करून आली होती, आणि समुद्राच्या लाटांपासून वीज करून पाहणाऱ्या कोकणातल्या एका केंद्रात तिची निवड झाली होती. लाटेवर मोठा डबा तरंगतो, लाटेबरोबर वरखाली होतो, त्याने चाक फिरतं आणि वीज होते, असं ती सांगत होती. भरतीचं पाणी खाडीत शिरतं, ओहोटीला परततं, त्याच्या वाटेत पंखा ठेवला तर तोही फिरतो.

"भरती दिवसातून किती डाव येते?" शेषरावांनी विचारलं.

"दोन डाव, बाबा. रोज."

"रोज? आपल्या लाईनीपरीस भल्ली इमानदार हाये म्हणा!"

सगळे हसले. पण जायचं म्हटल्यावर शेषरावांचा चेहरा उतरला. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे विहिरीतलं, हौदातलं. निवळलेलं आणि जपून वापरायचं. उसळणारं पाणी पोरीला गिळून टाकेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"पाण्यानं कुठं दिवा लागते काय? डोयानं पाह्यल्याबिगर मी हो म्हनत नाई," ते म्हणाले.

"आन् तुमी नाई म्हटलं तं मी जात नाई," करिष्मा म्हणाली. रविवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि त्या दिवशी होता गुरुवार.

दुसऱ्या दिवशी तिने मला खाली काढलं. रॉकेलने धुतलं, टोपीत तेलाचा थेंब सोडला. काय सांगू मित्रांनो, कोणीतरी नावाने हाक मारावी तसं झालं. मग तिने मळ्यातल्या भाजी धुवायच्या हौदावर सायकलचं मागचं चाक बसवलं. त्याच्या दात्यांवर साखळी टाकली. साखळीच्या एका टोकाला तेलाचा रिकामा डबा, तळाशी वाळू घालून तोंड बंद केलेला. दुसऱ्या टोकाला तराजूचं लोखंडी वजन. डबा खाली गेला की चाक फिरायचं, वर आला की दाते नुसते टिकटिक वाजायचे. मला तिने टायरला टेकवलं आणि माझ्यापुढे जुना दिवा ठेवला.

शनिवारी सकाळी शेषराव आणि करिष्माची आई विमलबाई पाहायला उभे राहिले. करिष्माने हौदाच्या दुसऱ्या कडेला फळी धरली आणि ती पाण्यात मागेपुढे ढकलू लागली. डबा जरासा डुलला. चाक बोटभर सरकलं. दिवा काही लागेना. तिने आणखी जोर लावला, हात भरून आले, पण पाणी कसं ते उठतच नव्हतं. मी तर शरमेने मेलो. वाटलं, माझ्यामुळे या पोरीचं जाणं राहणार.

"राहू दे माय," शेषराव मायेने म्हणाले. "नाई होत तं नाई होत."

करिष्मा घाम पुसत पाण्याकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "बाबा, हौदात ह्या कडुलिंबाच्या फांद्या कोणं टाकल्या?"

"मीनंच टाकल्या सकायी. तू पानी हालवशीन, सांडीन, म्हून."

आता यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे भरलेला ड्रम बैलगाडीतून न्यायचा असला तर वर पाल्याची डहाळी टाकतात. पाणी डचमळत नाही, थेंब वाया जात नाही. लेकीच्या प्रयोगाला हातभार म्हणून त्यांनी पहाटे उठून कडुलिंब छाटला होता, आणि तिची एकेक लाट त्या पाल्याखाली दाबली गेली होती!

करिष्माला हसूही येईना, रडूही येईना. "बाबा, पानी उसळलं तरच दिवा लागते."

"आन् फांद्या काढल्या तं सांडीन ना वं! लाईन कधी येते आन् मोटर कधी चालते त्याचा भरवसा नाई. मेथी धुवाची हाये."

"सांडू द्या," ती हळूच म्हणाली.

विमलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग शेषरावांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक फांदी स्वतःच्या हाताने बाहेर काढली. करिष्माच्या हातातली फळी घेतली आणि चढावर सायकल मारत तसे, दात आवळून, ते पाणी ढकलू लागले.

लाट उठली. डबा वर गेला, खाली आला. चाक फिरलं, थांबायच्या आत पुन्हा फिरलं. पाणी काठावरून भसाभस सांडत होतं, विमलबाईंची पावलं भिजली होती. माझ्या अंगात त्या जुन्या झिणझिण्या आल्या. आणि दिवा लागला! मिणमिणता, पिवळा, विझत नि पेटत, पण लागला.

"इतकुशा हौदानं लागला," शेषराव धापा टाकत म्हणाले. मग दिव्याकडेच पाहत त्यांनी सांगितलं, "कयवून टाक त्यायले. येते म्हनाव पोरगी."

निघायच्या दिवशी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं. "याले बी समुद्र दाखव," एवढंच बोलले.

आता मी कोकणात, तिच्या खोलीच्या खिडकीत असतो. मला काही काम नाही. समोर लाटांवर माझ्या स्वप्नातलं ते न दमणारं चाक रात्रंदिवस फिरत असतं. इथली हवा खारट आहे, लोखंड लवकर गंजतं. शेषराव रोज संध्याकाळी फोन करतात. जेवलीस का, बरी आहेस का, असलं त्यांच्या तोंडातून निघत नाही. ते विचारतात, "त्याले तेल देल्लं काय?"

"हाव बाबा, देल्लं," करिष्मा म्हणते, आणि डोळे पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी भिंतीला टेकलेलं असेल. त्याला थेंबभर तेल द्या. आणि तुमचं कोणी दूर गेलं असेल, तर त्याला रोज फोन करा. नीट विचारता येत नसेल, तर शेषरावांसारखं तेलाचं विचारा.